स्केचपेनांची तपासणी

अजून नऊ दिवस होते
आणि मी भिंतीवरची अक्षरं उतरवायला घेतली.
तिथेच चुकलं.
भिंत उघडी पडली की मुलांना बरोबर कळतं,
बाईंचं चित्त आता थाऱ्यावर नाही.

डुलुथचा जून नावालाच जून.
सरोवरावरचा वारा अजून बर्फाळ,
फाटकाजवळच्या लायलॅकला नुसत्या कळ्या,
मी दोन स्वेटर घालून उभी,
पण पोरांच्या अंगात उन्हाळा कधीच शिरलेला.
गोष्टीच्या सतरंजीवर सहा जण आडवे,
एक टेबलाखाली, मांजर झालेला,
आणि ओडिन हाल्व्हरसन, उलटसुलट बूट घालून,
दर तीन मिनिटांनी:
आज शेवटचा दिवस का?

नाही, ओडिन.

बडबडगीतं घासून गुळगुळीत झाली होती.
बक्षिसाच्या चांदण्या एप्रिलमध्येच संपल्या.
शेजारच्या वर्गातली रोबर्टा म्हणाली, सिनेमा लाव, सुटशील.
लावला.
अकरा मिनिटं टिकला.

मग कालव्याकडून भोंगा आला,
एक लांब, एक आखूड, परत लांब, परत आखूड,
आणि अख्खा वर्ग खिडकीला जाऊन चिकटला.
पूल उचलला गेला. खालून जहाज निघालं,
आमच्या शाळेपेक्षा लांब,
इतकं सावकाश की जूनी डेफोला वाटलं
जहाज उभंच आहे, आपण मागे चाललोय.
सव्वीस वर्षं मी अशा वेळी टाळ्या वाजवून
मुलांना जागेवर बसवत आले.
त्या दिवशी माझीच खुर्ची ओढून घेतली.
काचेवर खडूने एक रेघ मारली.
एक जहाज.

दुसऱ्या दिवशी वर्षभराचे स्केचपेन
मी सतरंजीवर ओतले. शे-सव्वाशे असतील.
टोपणं एकाची दुसऱ्याला,
टोकं चावलेली, चेपलेली,
एकाला कसली तरी जुनी जेली चिकटलेली.
म्हटलं, तुम्ही आज डॉक्टर.
प्रत्येकाने एक कागद घ्यायचा, एकेक रेघ ओढायची.
जिवंत ते इकडे. मेलेले तिकडे.

वर्ग इतका गप्प झाला
की रोबर्टा दारातून डोकावून गेली.
वीस माना वाकलेल्या,
वीस जिभा ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर.
मांजरसुद्धा टेबलाखालून निघून कामाला लागलं.

फक्त पाझोंग वांगपाशी तिसरा ढीग.
पाझोंग, जी सप्टेंबरात बोललीच नव्हती,
पहिला बर्फ पडून गेल्यावर एकदा
‘पाणी’ म्हणाली,
तेव्हा मी घरी जाऊन नवऱ्याला फोनवर सांगितलं होतं.
हा ढीग कशाचा गं?
तिने हिरवा पेन कागदावर ओढला.
रेघ उमटली, पण असून नसल्यासारखी,
काचेवर श्वास टाकून पुसावा तशी.
मेला नाहीये, ती म्हणाली.
दमलाय.

मग आम्ही बशीत पाणी घेतलं
आणि दमलेल्यांची टोकं भिजवत बसलो.
काही उठले. काहींनी
नुसतं पाणी रंगवलं. हिरवा उठला,
तो तिने फ्रॉकच्या खिशात घातला
आणि माझ्याकडे बघितलं.
मी खिडकीबाहेर बघत होते.
जहाज नव्हतं, तरी.

सत्तावीस रेघा झाल्या काचेवर.
त्यातल्या दोन खोट्या, ओडिनने मारलेल्या,
त्या मी पुसल्या नाहीत.

शेवटच्या दिवशी पिशव्या भरून झाल्या होत्या.
बाहेर गाड्या लागलेल्या.
ओडिन आला, उलटसुलट बुटांत,
आज शेवटचा दिवस का?

हो, म्हटलं. आज आहे.

तो थोडा वेळ उभा राहिला.
मग जमिनीवर बसून दोन्ही बूट काढले
आणि पहिल्यांदा ज्याच्या त्याच्या पायात घातले.

बरं, म्हणाला.
मग उद्या मी लवकर येतो.